मंगळवारचं बाकडं आणि आतली ट्रीटमेंट

सगळं सुरू झालं ते सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. चिंचपोकळीला आमच्या चाळीत पाणी सहाला येतं. मी भरलेली कळशी उचलून कमरेवर घेतली आणि पायावरून पाणी गेलं. गरम! नळाचं पाणी गरम कुठून असणार?

मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आई म्हणते. त्या मूळच्या मालवणकडच्या. म्हणाल्या, "कळशी गळता काय गो?"

मी म्हटलं, "हो आई, गळतेय."

कळशी नवी होती. आई त्याच दुपारी ती घेऊन भांडेवाल्याकडे गेल्या, डाग द्यायला. भांडेवाल्याने दोनदा भरून पाहिली. म्हणाला, "आजी, कळशीला काही झालेलं नाही."

मग आईंनी घरी येऊन माझ्याकडे पाहिलं!

हा एकच किस्सा असता तर मी विसरूनही गेले असते. पण पुढे तीन महिने दर मंगळवारी मी परळच्या एका क्लिनिकच्या बाकड्यावर बसले. चार बायका एका बाकड्यावर बसल्या आणि चौघींचं दुखणं एकाच जागेचं असलं की किस्से साचतातच. एक काढायला जावं तर दुसरा चिकटून येतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू. मी सातवीपर्यंतच शिकले, पण जे झालं ते लिहायला तेवढं पुरतं.

आधी मुद्दा सांगते. माझी मुलगी परी चिमटा लावून झाली. खूप टाके पडले. ती आठ महिन्यांची झाली तरी मला नीट मांडी घालून बसता येत नव्हतं. शिंक आली की लघवी व्हायची, आणि टाक्याची जागा आतून ओढायची. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाक्याचा वण आत आवळलाय. तीन महिने ऑस्टिओपॅथी करून बघा, त्यात हातानेच मोकळं करतात. नाही सुटला तर उसवून परत टाके घालू." आणि केसपेपरवर तारीखच लिहून दिली. दिवाळीनंतरचा सोमवार.

तो पेपर मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. हॉस्पिटलच्या त्या टेबलावर मला परत जायचं नव्हतं. परीच्या वेळी मी तिथे "थांबा, थांबा" किती वेळा ओरडले असेन. कोणी थांबलं नाही. आणि आता ते टेबल टाळायचं तर तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाचा तरी हात तिथेच लावून घ्यायचा होता!

*

ऑस्टिओपॅथी म्हणजे काय ते चाळीत कोणालाच माहीत नव्हतं. पण खालच्या तपासणीला कसं जायचं ते सगळ्यांना माहीत होतं! उपाशी जायचं आणि पोट भरून पाणी प्यायचं. सोनोग्राफीला सगळ्या तशाच गेलेल्या ना!

मी नियमाने वागले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. घरून निघताना तीन ग्लास पाणी प्यायले, बाटली वाटेत संपवली. आधीच माझी अशी अवस्था, वर हे. परळच्या पुलावरून मी कशी चालले ते माझं मला माहीत. आई परीला कडेवर घेऊन मागून येत होत्या. "सावकाश चल गो," म्हणायच्या. मला सावकाश परवडत नव्हतं!

दुसऱ्या मजल्यावर क्लिनिक. ट्रीटमेंट देणाऱ्या केतकी मॅडम दारातच उभ्या. पस्तिशीच्या असतील, केस वर बांधलेले, पायात साध्या सपाता. मी म्हटलं, "मॅडम, मी उपाशी आहे आणि पूर्ण भरलेली आहे. लवकर घ्या!"

मॅडम म्हणाल्या, "आधी बाथरूमला जाऊन या. मग बिस्किट खा. तुम्हाला असं यायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "सगळ्यांनी."

*

बिस्किट खाल्लं आणि आत जाऊन सरळ टेबलावर आडवी झाले. डोळे मिटले, मुठी आवळल्या. म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं.

मॅडम म्हणाल्या, "उठा. खुर्चीवर बसा."

आणि विचारायला लागल्या. दिवसात किती वेळा जाता, पाणी किती पिता, पोट साफ होतं का, कुठे दुखतं, बसताना की उठताना, बाळंतपण कसं झालं, पाळी परत सुरू झाली का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. शेवटच्या प्रश्नाला मी भिंतीकडे बघून मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं. मग प्लास्टिकचं कमरेचं हाड काढलं आणि दाखवलं, हे माकडहाड, हे पुढचं हाड, आणि या दोन्हींच्या मध्ये झोळीसारखे स्नायू. तुमची झोळी एका बाजूला वणाने ओढली गेलीय. आधी पोट, कंबर, मांड्या बाहेरून सैल करायच्या. मग तुम्ही हो म्हणाल तेव्हा आतून, ग्लोव्ह घालून, एका बोटाने. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मशीन नाही. पाळीच्या दिवसात नाही. अंगावर चादर राहणार. सोबत कोणी हवं तर तेही बसू शकतं.

पाऊण तास झाला. म्हणाल्या, "आज एवढंच. आज फक्त बोलणं."

मी बाहेर आले. आई उठून उभ्याच राहिल्या. "झाला काय गो?"

"नाही आई. नुसतं बोलणंच झालं."

आईंनी परीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हणाल्या, "बोलूक आमची चाळ काय कमी आसा?"

*

बाकड्यावर माझ्या शेजारी जोशी काकू असायच्या. दादरच्या. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. माकडहाडावर पडल्या होत्या, त्यालाही दोन वर्षं झालेली. बसायला स्वतःची गोल उशी आणायच्या, मधे भोक असलेली.

आतली ट्रीटमेंट सुरू करायच्या आधी मॅडम एक संमतीचा कागद देतात. मी वाचला, दोन गोष्टी विचारल्या आणि सही केली. काकू म्हणाल्या, "सही अशी जागेवर होत नसते!" कागद घरी घेऊन गेल्या. पुढच्या मंगळवारी आल्या त्या फाईल घेऊन. आत एक पुरवणी, त्यावर नंबर घातलेले प्रश्न. सहा प्रश्न झाले. दार नीट लागत नाही, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"प्रश्न सातवा. कलम चारमध्ये 'एका बोटाने' असा उल्लेख आहे. बोट कोणतं, हे स्पष्ट नाही."

मग मॅडमचा आवाज आला, "तर्जनी."

"उजव्या हाताची?"

"उजव्या हाताची."

काकूंनी ते कागदावर लिहून घेतलं, शेजारी मॅडमची छोटी सही घेतली, आणि मग खाली आपली लफ्फेदार सही ठोकली!

*

माझी वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कधीही थांबा म्हणा. मी लगेच थांबणार. कारण सांगायची गरज नाही."

असं सगळेच म्हणतात, असं मी मनात म्हटलं.

मी पाठीवर झोपले, गुडघे वर, अंगावर चादर. मॅडमनी ग्लोव्ह घेतला. तो घालताना फट्ट असा आवाज झाला आणि मी ओरडले, "थांबा!"

मॅडम अजून टेबलापासून दोन हात लांब होत्या! त्या तिथेच थांबल्या. ग्लोव्ह काढून टाकला, खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "थांबले."

त्या दिवशी त्यांनी फक्त पोटावर हात ठेवला आणि श्वास घ्यायला शिकवला. पुढच्या मंगळवारी मी बाहेरच सांगितलं, ग्लोव्ह माझ्यासमोर घालू नका. त्यांनी तिकडे तोंड करून घातला, पण त्या दिवशीही मी हो म्हटलं नाही. तिसऱ्या वेळी सुरू झालं. खरं सांगते, जेल गार लागतं, बाकी दुखलं नाही. बोट एका जागी येऊन टेकतं, तिथे खुपल्यासारखं होतं, मग मॅडम म्हणतात लांब श्वास सोडा, आणि आपण सोडला की ती जागा हळूहळू मऊ पडते. तेवढंच. अर्धा-एक मिनिट एका जागी, मग दुसरी जागा.

पण माझा विश्वास बसेना. म्हणून मी म्हटलं, "थांबा." दुखत नव्हतं. बघायला म्हणून म्हटलं.

बोट बाहेर. मॅडम थांबल्या.

"करा."

पुन्हा विचारून सुरू केलं.

"थांबा."

थांबल्या. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मॅडमनी मोजलं होतं. शेवटी हात धुताना म्हणाल्या, "आज सात स्टॉप झाले. पुढच्या वेळी फास्ट गाडी पकडू."

पुढच्या वेळी दोनच झाले.

*

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून हंसाबाई यायच्या. कोळीण. पन्नाशीच्या, हातभर बांगड्या, आवाज असा की खालच्या मेडिकलवाल्याला ऐकू जावा. त्यांना ओटीपोटात सतत दुखायचं. शेजारणींनी सांगितलं होतं, सगळं सैल पडलंय, आवळायचे व्यायाम कर. हंसाबाई सहा महिने आवळत होत्या. मासे विकताना आवळत, टोपली उचलताना आवळत. दुखणं वाढतच चाललेलं!

मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "हंसाबाई, तुमचं सैल नाहीये. भयंकर आवळलेलं आहे. दिवसभर बाजारात लघवी रोखून धरता का?"

"मग काय करू? तिथं जागा कुठं हाय?"

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासून."

मॅडम म्हणाल्या, आवळायचं आजपासून बंद. तुमचा व्यायाम सोडण्याचा. आत श्वास घ्या आणि खालून सोडून द्या.

मग हंसाबाईंचा आवाज दार फोडून बाहेर आला, "जल्मभर आवलून धराला शिकवला, आनी आता तू सोडाला शिकवतंस?"

बाकड्यावर जोशी काकूंनी फाईल मिटली. म्हणाल्या, "नोंद घेण्यासारखं आहे!"

*

ट्रीटमेंटनंतर एक-दोन दिवस ठणकतं. मॅडमनी सांगून ठेवलं होतं. रक्त गेलं, ताप आला, तर मात्र लगेच फोन करा.

ठणकायला लागलं आणि मी घाबरले. मी तशी घाबरटच. पण चाळीत फोन करायचा कुठे? गॅलरीत सगळ्यांची दारं उघडी. शेजारच्या प्रमिला वहिनी तांदूळ निवडत माझ्याच दारात बसलेल्या.

मी फोन लावला. "मॅडम, परवाचा ब्लाउज जरा ओढतोय."

मॅडम हुशार. लगेच म्हणाल्या, "कुठे फाटलाय का? डाग पडलाय?"

"नाही."

"इस्त्री केल्यासारखा गरम लागतोय का?"

"नाही हो. नुसता ओढतोय. बसताना."

"मग दोन दिवसांत अंगाला बसेल. गरम पाण्याने शेका."

फोन ठेवला. प्रमिला वहिनी तांदूळ सोडून माझ्याकडे बघत होत्या. "कुठला गं टेलर तुझा? आमचा तर फोनच उचलत नाही!"

*

एकदा संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सोबत नेलं. तो परळच्याच एका टॉवरमध्ये ऑफिसात कामाला आहे. हाफ डे टाकून आला. मॅडमना त्याला श्वासाचा व्यायाम दाखवायचा होता, म्हणजे घरी मला आठवण करून देईल.

आत आल्यापासून त्याने मान वर केली नाही. त्याची खुर्ची माझ्या डोक्याशी ठेवली होती, तिथून त्याला फक्त माझा चेहरा दिसला असता. तरी त्याने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर आग विझवायचा लाल डबा होता. त्यावरच्या सूचना त्याने सगळ्या वाचल्या असतील!

मॅडम माझ्याशी बोलत होत्या. "नाकाने आत. पोट फुगू दे. आता तोंडाने हळूच बाहेर. जबडा सैल, खांदे सैल." मी काही सैल होईना. एक पाय कडक, हात चादरीला धरून. "पुन्हा. नाकाने आत..."

पाचव्यांदा म्हणेपर्यंत मागून घोरण्याचा आवाज आला. संदीप भिंतीला डोकं टेकून गाढ झोपला होता. तोंड उघडं, हात लोंबकळत.

मॅडमनी मला मान वळवून बघायला सांगितलं. म्हणाल्या, "हे बघा. असं सोडायचं!"

मला इतकं हसू आलं की टेबल हाललं. आणि हसताना लघवी झाली नाही. हे माझ्या लक्षात पुलावर आल्यावर आलं.

*

आई दर मंगळवारी यायच्याच. परीला सांभाळायला. हळूहळू त्या दाराच्या जवळच्या टोकाला बसायला लागल्या. एका मंगळवारी मी चप्पल घालत होते तेव्हा आईंनी मॅडमना गाठलं.

"माका नाय हां. माझ्या एका मैत्रिणीक विचारूचा होता."

"विचारा ना."

"तिका तीस वर्षां झाली. खोकलो इलो की होता. आता ह्या वयात काय उपयोग होतलो काय?"

मॅडम म्हणाल्या, "वयाचं काही नाही. बऱ्याच जणींना फरक पडतो. तपासून बघायला लागेल. पाठवा त्यांना मंगळवारी."

आई विचारात पडल्या. परीच्या टोपीची नाडी सोडली, पुन्हा बांधली. म्हणाल्या, "मंगळवारी तिका जमूचा नाय. मंगळवारी ती सुनेबरोबर हयच येता!"

मॅडमनी डायरीत गुरुवार लिहिला.

*

आणि मग दिवाळी झाली. सोमवार आला.

कपाटातून केसपेपर काढला. आता मांडी घालता येत होती. शिंक आली तरी बहुतेक वेळा निभावत होतं. पण वण सुटला की नाही ते हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. त्यासाठी तसल्याच टेबलावर जायचं होतं.

तपासणीच्या खोलीत तीन टेबलं एका रांगेत. मधे हिरवे पडदे. मला पहिल्यावर झोपवलं. पाय वर. पडद्याखालून शेजारच्या बाईच्या चपला दिसत होत्या. डॉक्टरीणबाई आल्या, या वेळी वेगळ्या होत्या. मागे शिकणारी पोरं, तीन. दोन मुलगे, एक मुलगी. चालता चालता ग्लोव्ह चढवत, पेपर न बघता म्हणाल्या, "सैल सोडा."

मी गुडघे जोडले.

"अहो, सैल सोडा."

मी म्हटलं, "एक मिनिट. तुमचं नाव काय?"

"काय?"

"नाव सांगा. मग काय करणार ते सांगा. मग मला विचारा. मी हो म्हटलं की करा."

एका दमात सगळं बोलून झालं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेर लाइन बघितलीत का?"

"बघितली. मी पण लाइनीतूनच आलेय."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग केसपेपर उचलला आणि पहिल्यापासून वाचला. मग नाव सांगितलं. मला ते आता आठवत नाही! काय करणार ते सांगितलं. म्हणाल्या, "विद्यार्थी थांबलेले चालतील?"

"ती मुलगी चालेल. हे दोघं नकोत."

दोघं बाहेर गेले. मग त्यांनी विचारलं, "तपासू?"

मी लांब श्वास सोडला. "हो."

मिनिटभर लागलं असेल. वणावर बोट टेकवून म्हणाल्या, "इथे दुखतं?"

"दाबलं तर. एरवी नाही."

"सुटलाय हा. बराच मऊ झालाय. उसवायची गरज नाही." त्यांनी पेनने तारखेवर आडवी रेघ मारली, त्या मुलीला काहीतरी इंग्रजीत समजावलं, आणि हात धुवायला गेल्या.

मी उठून बसले. साडी नीट करत होते तेवढ्यात शेजारचा हिरवा पडदा वीतभर सरकला. आतून हिरव्या बांगड्यांचा एक हात आणि अर्धा चेहरा दिसला. वीस-एकवीसची असेल.

"ताई," ती हळूच म्हणाली, "असं विचारता येतं?"

"येतं."

"ओरडत नाहीत?"

"आधी बघतात. मग सांगतात."

तिने मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या पलीकडे पण एक आहे. पहिलटकरीण. मघापासून रडतेय."

मी म्हटलं, "मग माझ्याकडे काय बघतेस? तो पडदा सरकव आणि तिला सांग."